चौदावं माणूस

पहारेकऱ्याने नोंदवहीतल्या आकड्यावर बोट ठेवलं आणि ते तसंच धरून ठेवलं.

"सकाळी चौदा जण वर गेले. खाली तेराच आलेत."

गाईडने पुन्हा माणसं मोजली. लेणी आणि जंगल पाहून सगळे दमले होते. कुणी फाटकाला टेकलं होतं, कुणी बुटातले खडे झटकत होतं. पाहुणे बारा, तेरावा तो स्वतः.

"आमच्यातलं कुणी राहिलेलं नाही हो," चष्मेवाल्या बाई म्हणाल्या. "आम्ही पहिल्यापासून बाराच."

"मग चौदावं कोण?" पहारेकऱ्याने विचारलं. "वर कुणी राहिलं असेल तर मला भोंगा वाजवावा लागेल. शोधायला माणसं पाठवावी लागतील."

गाईडने वाकून नोंदवहीत पाहिलं. अक्षर त्याचंच होतं. सकाळी हाताच्या सवयीने त्याने बारात दोन मिळवले होते. पुढे तो आणि मागे त्याची बायको. वीस वर्षं दोघांनी असेच गट नेले. तो तोंडाची टकळी चालवत पुढे, ती पाण्याची पिशवी घेऊन सगळ्यांच्या मागे. फोटो काढत रेंगाळणाऱ्यांना ती हाकत आणायची, म्हणून तो तिला गुराखीण म्हणून चिडवायचा. प्रत्येक वळणावर तो ओरडायचा, "मागचे आले का?" आणि मागून तिचा आवाज यायचा, "आले, चला पुढे." ती जाऊन दोन महिने झाले होते. घर खायला उठायचं, म्हणून आज तो पहिल्यांदा कामावर आला होता.

पहारेकऱ्याने त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं, मग आकड्याकडे. त्याचा आवाज खाली आला.

"दादा, लिहिताना चूक झाली म्हणा. मी खोडून तेरा करतो."

"खोडू नकोस. जरा थांब."

तो पायऱ्या चढून पहिल्या वळणापर्यंत गेला. आपण वेड्यासारखं वागतोय, हे त्याला कळत होतं.

"मागचे आले का?"

वरून काहीच आलं नाही. तिचे गुडघे दुखायचे, उतरताना ती एकेका पायरीवर टेकायची. तिला जेवढा वेळ लागायचा, तेवढा वेळ तो तिथेच उभा राहिला. खाली कुणीतरी बसच्या वेळेबद्दल कुजबुजत होतं.

खाली येऊन त्याने पहारेकऱ्याच्या हातातलं पेन घेतलं, चौदावर स्वतःच रेघ मारली, शेजारी तेरा लिहिलं आणि सही केली.

"वर कुणी होतं का काका?" बाईंनी विचारलं.

"नाही. तुम्ही व्हा पुढे."

मंडळी बसकडे निघाली. गाईड दिवसभर पुढे चालला होता. आता तो सगळ्यांना जाऊ देऊन मागून चालू लागला. वाटेत कुणाची तरी पाण्याची बाटली पडली होती, ती त्याने उचलून घेतली. बसच्या दाराशी पोचल्यावर बाईंनी वळून पाहिलं आणि हसत हाक मारली.

"काका, मागचे आले का?"

त्याने हातातली बाटली वर करून दाखवली.

"आले," तो म्हणाला. "चला पुढे."