मालकाने घरी थांबू नये

चाळीस वर्षे लोकांचे नळ दुरुस्त करीत आलेल्या त्या प्लंबरने स्वतःचे चौथ्या मजल्यावरील घर विकावयास काढले, ते केवळ बायकोच्या गुडघ्यांपायी. इमारतीला लिफ्ट नव्हती, आणि ती बिचारी तीन महिन्यांत एकदाच खाली उतरली होती, तीही डॉक्टरकडे जाण्यासाठी. लेकीच्या शेजारी तळमजल्यावरील एक घर रिकामे होते. त्याच्या मालकाने महिनाअखेरपर्यंत थांबण्याचे कबूल केले होते. त्यास आता नऊच दिवस उरले होते.

घर बघावयास येणाऱ्यांची वानवा नव्हती. दलालाचा फोन आला की बायको औषधाच्या बाटल्या डब्यांमागे दडवी, धुण्याचे कपडे कपाटात कोंबी आणि नवऱ्यास इस्त्रीचा शर्ट चढवावयास लावी. येथवर सर्व यथास्थित होई. परंतु मंडळींनी न्हाणीघरात पाऊल टाकताच प्लंबर पुढे सरसावे. ही भिंत एकदा कशी भिजली, तो पाइप कसा फुटला आणि आपण एकही फरशी न फोडता तो कसा बदलला, याचे तो तन्मयतेने वर्णन करी. त्याच्या मते हे त्या घराचे भूषणच होते. ऐकणाऱ्यांच्या कानात मात्र भिजणे आणि फुटणे एवढेच उरे. मग "कळवतो" म्हणून मंडळी जी जात, ती जातच.

पाचवे कुटुंब असे गेल्यावर दलालाने हात जोडले. काकांनी यापुढे घर दाखवतेवेळी घरी थांबू नये, अशी त्याने विनंती केली. बायको विनंतीच्या भानगडीत पडली नाही.

"घर विकताय की आत्मचरित्र?" ती म्हणाली. "खाली जाऊन बसा. आणि तिथे घराबद्दल एक अक्षर काढलंत, तर बघा."

सहाव्या खेपेस एक मुख्याध्यापिका आली. घर पाहून ती खाली उतरली, तो फाटकाजवळच्या बाकावर तिला हा गृहस्थ दिसला. आजोबा इथलेच का, चौथ्या मजल्याविषयी खरे ते सांगतील का, असे तिने विचारले.

प्लंबर शब्दाचा पक्का होता. "घराचं मला विचारू नका," तो म्हणाला. "पण तिथला माणूस प्लंबर आहे. असा कारागीर शोधून सापडायचा नाही. त्याच्या हातचा जोड आजवर गळलेला नाही. बायकोला मात्र त्याची किंमत नाही."

त्या कारागिराची थोरवी तो पुढे पाव तास गात होता. मुख्याध्यापिका पुन्हा जिना चढून गेली आणि बाकावरच्या आजोबांचे बोलणे तिने बायकोच्या कानी घातले. आपण घरासंबंधी अवाक्षरही काढले नाही, या समाधानात प्लंबर बसून राहिला.

थोड्याच वेळात त्यास वर बोलावणे आले. तो दारात येताच मुख्याध्यापिकेने त्यास ओळखले, परंतु चेहऱ्यावर तसे दिसू दिले नाही. घर आपणास पसंत आहे, मात्र दोन वर्षे येथील नळांची देखभाल त्या कारागिरानेच विनामूल्य केली पाहिजे, अशी तिची अट होती. दलाल कागद पुढे ओढून प्लंबरच्या तोंडाकडे पाहू लागला.

"त्यांना काय विचारता?" बायको म्हणाली. "दोन कशाला, पाच लिहा. इतकं कौतुक माझ्याच्यानं झालं नसतं."