एकशे चाळीस पायऱ्या

"एकदा वर गेलास की बॉयलर बसेपर्यंत उतरता येणार नाही. कळतंय ना?" मुकादमानं विचारलं.

"कळतंय."

"नाहीतर आत्ताच सांग. गोदामात तुझी खुर्ची आहेच."

"वर एक संडास बांधून द्या त्याला," सिग्नलवाला म्हणाला आणि चार-पाच जण हसले. क्रेनवालाही हसला. दोन वर्षांत तेवढं त्याला जमू लागलं होतं.

आतड्याच्या दुखण्यानं त्याला क्रेनच्या केबिनमधून उतरवून गोदामात बसवलं होतं. सूज, जखमा, रक्त, दिवसातून बारा-पंधरा वेळा धावपळ. ज्याला संडासापासून वीस पावलं लांब जायची धास्ती, त्यानं लोकांच्या डोक्यावर लोखंड टांगून कसं बसायचं? आज जमलं नाही तर गोदाम कायमचं, असं साहेबांनी स्पष्टच सांगितलं होतं.

दोष थोडा त्याचाही होता. औषधानं जरा बरं वाटू लागलं, तेव्हा मेहुणा अँटिऑक्सिडंट जीवनसत्त्वांच्या बाटल्या घेऊन आला.

"दाजी, शरीर आतून गंजतं. ह्या गोळ्या तो गंज काढतात."

दुसऱ्या कुणाला हे इतकं पटलं नसतं. पण यानं उभा जन्म गंजाशी झगडण्यात घालवलेला. गंजच निघणार असेल तर बाकी औषध कशाला, असं म्हणून त्यानं डॉक्टरांच्या गोळ्या परस्पर बंद केल्या. बायकोलाही पत्ता लागू दिला नाही. दीड महिन्यात त्याला उचलून दवाखान्यात न्यावं लागलं.

डॉक्टरीणबाई चिडल्या नाहीत. त्यांनी फक्त विचारलं, "काम काय करता?"

"क्रेन चालवतो. म्हणजे चालवायचो."

"मग तुम्हीच सांगा. गंज खरवडला म्हणून तडकलेला हूक सांधला जातो का?"

"नाही सांधला जात," तो म्हणाला.

"रक्तात काही जीवनसत्त्वं कमी आहेत, ती मी मोजून देते. कमतरता भरून निघेल. पण त्यांनी सूज उतरेल, असं मी म्हणणार नाही. ते काम ह्या औषधाचं. दोन्ही घ्यायचं. आणि मेहुण्याच्या बाटल्या मेहुण्याला परत."

"त्याच्याकडे मी बघते," शेजारी बसलेली बायको म्हणाली.

नंतरचे अकरा महिने तिनं मेहुण्याकडे एकदाच आणि नवऱ्याकडे रोज बघितलं. गोळी गिळली की "आ कर" म्हणायची. पन्नाशीचा माणूस मुकाट्यानं तोंड उघडायचा.

आता तो एकशे चाळीस पायऱ्या चढून केबिनमध्ये बसला. पहिला तास बरा गेला. बॉयलर जमिनीवरून सुटला, वारा लागून डुलू लागला, आणि त्यानं दांडा इतका हलका ओढला की डुलणं आपसूक विरलं. हात विसरले नव्हते.

तिसऱ्या तासाला पोटात गुडगुडलं.

त्याला दरदरून घाम फुटला. बॉयलर अधांतरी, खाली दहा माणसं, उतरायला एकशे चाळीस पायऱ्या. सिग्नलवाल्यानं मूठ वर धरून थांबायची खूण केली होती. तो थांबला, आणि पोटाचं ऐकत राहिला. कळ आली नाही. मुरडा आला नाही. पुन्हा नुसतं गुडगुडलं, रिकामं रिकामं.

ती भूक होती. नुसती भूक. तिला ओळखायलाही त्याला मिनिटभर लागलं. मग तो त्या काचेच्या खोलीत एकटाच मोठ्यानं हसला.

खाली सिग्नलवाल्याचा हात हळूहळू उतरू लागला. खाली चार बोटं अंतर उरलं, दोन बोटं, एक. बॉयलर आपल्या जोत्यावर असा टेकला की आवाजसुद्धा आला नाही.

तो उतरला तेव्हा सगळे सवयीनं दोन्ही बाजूंना सरकले, संडासाकडची वाट मोकळी झाली. थट्टा कुणीच केली नाही. सिग्नलवाला तर दुसरीकडेच बघत होता.

"वाट कसली देताय?" तो म्हणाला. "जेवायला जागा द्या."

त्यांनी बाकावर मधोमध जागा केली. त्यानं सावकाश हात धुतले आणि डबा उघडला. सगळ्यांचं जेवण आटोपलं, भोंगा वाजला, बाक रिकामा झाला. तो मात्र अजून एकेक घास चावून जेवत होता. मुकादम जवळून गेला, पण त्यानं कामावर चल म्हणून हाक मारली नाही.