मागच्या व्हरांड्यातली अर्लीन

अर्लीनने लोणच्याच्या काकड्यांची बरणी टेबलाच्या मधोमध ठेवली. नॉर्बर्टने हात पुढे करून ती चाचपली आणि डाव्या कडेला सरकवली.

"शुक्रवारी इथे होती," तो म्हणाला. "काल पण इथेच."

"आणि हा शर्ट?"

"शर्टाचं काय?"

"तिसरा दिवस आहे त्याचा. स्वयंपाकघरापर्यंत वास येतोय."

"आज जिंकलो की धू."

सोफ्यावर नॉर्बर्टचा धाकटा भाऊ जेरी बसला होता, तोही शुक्रवारच्याच मोज्यांत. त्याने गंभीरपणे मान डोलावली. दोघेही सत्तरी ओलांडलेले, नातवंडांचे आजोबा. पण मिलवॉकीचा बेसबॉल संघ खेळायला उतरला की दोघांची अक्कल गहाण पडायची. शुक्रवारी शिकागोवाल्यांना हरवलं होतं, शनिवारीही हरवलं होतं. आज तिसरा सामना जिंकला की शिकागोला झाडून काढलं असं म्हणता येणार होतं, आणि मग गल्लीतलं घरन् घर झाडू घेऊन रस्त्यावर येणार होतं. पण शेवटचा गडी बाद होईपर्यंत तो शब्द तोंडातून काढायचा नाही आणि झाडू नजरेला पडू द्यायचा नाही. या घरातला लांब दांड्याचा झाडू तळघरात, बॉयलरच्या मागे, भिंतीकडे तोंड करून उभा होता.

अर्लीनसाठी वेगळा नियम होता. सातवा डाव संपला की तिने मागच्या व्हरांड्यात जाऊन बसायचं. फार वर्षांपूर्वी नवव्या, म्हणजे शेवटच्या डावात ती 'कॉफी कोणाला हवी' असं विचारायला आत आली होती आणि हातात आलेला सामना गेला होता. तेव्हापासून ती, तिच्या कुंड्या आणि छोटा रेडिओ. सुरुवातीला ती चिडायची, मग हसायला लागली. पण आपल्याच घरात आपण एकदाही शेवटचा गडी बाद होताना पाहिला नाही, याचं तिला वाईट वाटायचं. ते तिने कधी बोलून दाखवलं नव्हतं.

यंदा दुखणं निराळंच होतं. नॉर्बर्टची नजर मधोमध विरत चालली होती. कडेचं दिसायचं, समोरचं नाही. डॉक्टर म्हणाले, हे थांबणारं नाही. घरी येताना गाडीत त्याने अर्लीनकडून वचन घेतलं होतं.

"जेरीला सांगायचं नाही. तो मला सामना समजावून सांगायला लागेल, लहान पोराला सांगतात तसा. मग मी कशाला बघू?"

म्हणून तो जेरीच्या आधाराने सामने बघत होता. जेरी हसला की हा क्षणभर मागून हसायचा. जेरीने मांडीवर थाप मारली की हाही मारायचा. टीव्हीवरचे समालोचक खेळ सांगण्यापेक्षा गप्पाच जास्त मारायचे, आणि आत रेडिओ लावावा तर बिंग फुटलं असतं. स्वयंपाकघराच्या दारातून अर्लीन हे सगळं बघायची.

सातवा डाव संपला.

"अर्लीन, चल, निघ," जेरी म्हणाला.

"निघाले बाबा. मी अवलक्षणी."

"तसं नाही गं. तू बाहेर फार उपयोगाची आहेस."

नवव्या डावात मिलवॉकी एका धावेने पुढे होतं. शिकागोचे दोन बाद झाले, तिसरा झाला की सामना खिशात; पण तोवर तिन्ही बेसवर त्यांची माणसं धाव घ्यायला टपून उभी राहिली होती. व्हरांड्यात अर्लीनने रेडिओचा आवाज वाढवला. आत सोफा करकरला.

"मला नाही बघवत," जेरीचा आवाज आला. "मी खाली जातो."

अर्लीन चमकली. जेरी शेवटच्या चेंडूआधी कधीच उठायचा नाही. एकदा अंगणातल्या शेगडीवर सॉसेज जळून घरभर धूर झाला होता, तेव्हाही तो डोळे चोळत बसून राहिला होता. तळघराच्या जिन्यावर त्याची पावलं वाजली आणि थांबली.

आता नॉर्बर्ट एकटाच होता, समोर नुसता कल्लोळ.

"अर्लीन," त्याने हळूच हाक मारली. "आत ये."

"नववा डाव आहे, नॉर्ब."

"मला माहीत आहे. ये तू."

ती उंबऱ्यात थबकली. हरलो तर हे तिला मरेपर्यंत ऐकावं लागणार होतं. तरी ती आत गेली, खुर्ची ओढून त्याच्याजवळ बसली.

"काय चाललंय?" त्याने विचारलं.

इतक्या वर्षांचा रेडिओ तिच्या जिभेवर होता.

"उंच पोरगा आहे त्यांचा. डावखुरा. सारखा बूट आपटतोय. आपला चेंडू टाकणारा टोपी काढून घाम पुसतोय. घाबरलाय गं बाई, चेहरा बघवत नाही."

"पुढे?"

"टाकला. हुकला त्याचा. दोन स्ट्राइक झाले, अजून एक हुकला की बाद. परत टाकतोय... मारला. उंच गेला, उजवीकडे. आपला तिकडचा पोरगा मागे पळतोय, अजून पळतोय, भिंतीला पाठ टेकली."

"आणि?"

"हात वर केलाय."

"अर्लीन, आणि?"

"झेलला. नॉर्ब, झेलला त्याने."

नॉर्बर्टने तिचं मनगट घट्ट धरलं. टीव्हीवर सगळे मैदानात धावत सुटले होते, पण त्याने मान तिच्याकडे वळवली होती, जरा तिरकी, म्हणजे ती कडेने दिसेल अशी. अर्लीनला रडू आलं.

जेरी खांद्यावर झाडू टाकून वर आला. तिला खुर्चीत बघून तो दारातच थांबला.

"आत्ताच आली ती," नॉर्बर्ट घाईने म्हणाला. "सगळं संपल्यावर."

"ओरडा ऐकून आले," अर्लीन म्हणाली.

"हं," जेरी म्हणाला आणि झाडू भावाच्या हातात दिला.

बाहेर गाड्यांचे भोंगे वाजत होते. समोरची बाई झाडूने पातेलं बडवत होती, कोपऱ्यावरचे दोघे भाऊ झाडू उंचावून रस्ताभर नाचत होते. नॉर्बर्टने पुढच्या पायरीवर उभं राहून झाडू असा फिरवला की जेरीची टोपीच उडाली. अर्लीनने नॉर्बर्टचा कोपर धरून ठेवला होता. बघणाऱ्याला वाटलं असतं, आनंदाने.

जल्लोष निवल्यावर जेरी घरी निघाला. अर्लीन त्याला गाडीपर्यंत सोडायला गेली.

"शुक्रवारी सिनसिनाटीवाले येतायत," तो म्हणाला. "नवव्या डावात मी तळघरातच. आज तसंच जिंकलो, आता बदलायचं नाही."

"बरं. आणि मी?"

जेरीने गाडीचं दार उघडलं. किल्ली शोधण्याचं निमित्त करून तो खिसे चाचपत राहिला.

"तू जरा मोठ्याने सांगत जा," तो म्हणाला. "बॉयलरपाशी नीट ऐकू येत नाही."