तीन तासांचा निबंध

मी रजवाचा लॅपटॉप. म्हातारा आहे, तापटही आहे, आणि आज बोलल्याशिवाय राहणार नाही.

लेबनॉनमधल्या त्रिपोलीत रजवाच्या थोरल्या भावाने, वाइलने, मला जुन्यातच विकत घेतलं. चार वर्षं माझ्यावर खेळांतल्या बंदुका धडाधड चालवल्या, कॉफी सांडली, आणि नवा लॅपटॉप आल्यावर मला रजयांच्या कपाटात कोंबलं. रजवा विद्यापीठात जायला लागली तेव्हा तिने मला बाहेर काढलं, कळांच्या फटींतली घाण काडीने टोकरली. तेव्हापासून मी तिचा.

संत्र्यांच्या वखारीत एकेकाळी फळं कागदात गुंडाळणाऱ्या बायकांवर तिला निबंध लिहायचा होता. महिनाभर ती त्या म्हाताऱ्यांच्या दारोदार फिरली. वही भरली. लिहायला सोमवारपर्यंत मुदत होती.

गुरुवारी सकाळी नऊला माझ्या पडद्यावर डॉक्टर मुन्झिर, तिचे प्राध्यापक, यांचा निरोप उमटला. ‘परिषदेला निघतोय. निबंध आज बारापर्यंत हवेत. उशीर झाला तर शून्य.’

“अगं, सोमवार म्हणाले होते ना?” आई म्हणाली.

“म्हणाले होते. त्यांचं विमान आहे ना, मग आमचा सोमवार गेला खड्ड्यात!”

सरकारी वीज नव्हती. जनरेटरच्या तारेवर एक तर धुण्याचं यंत्र चालायचं, नाहीतर मी आणि इंटरनेट. आईने धुणं तसंच साबणात सोडलं. तेवढ्यात शेजारच्या सौसनमावशी आल्या. “रजवा, कॉफी टाक गं!”

आईने त्यांना दारातच थोपवलं. “आज कॉफी नाही की गप्पा नाहीत. पोरगी लिहितेय.”

“लिहिते म्हणजे काय, बाळंत होतेय का?”

“तसंच समज!”

रजवाने मला बडवलं, अक्षरशः बडवलं. मी तापलो, माझा पंखा घरघरला, पण थांबलो नाही. बाराला चार मिनिटं असताना निबंध गेला.

दहा दिवसांनी निकाल आला. शून्य. शेरा : ‘दुसऱ्याचे लिखाण.’

माझं डोकं असं भडकलं की सांगता सोय नाही! एकेक शब्द माझ्या पाठीवर पडला होता. पण माझी साक्ष काढतो कोण?

रजवा मला काखेत मारून थेट डॉक्टर मुन्झिरांच्या खोलीत गेली. टेबलावर निबंधाची छापील प्रत होती, वर लाल शून्य.

“मुली, तीन तासांत इतकं चांगलं कुणी लिहीत नाही.”

“मग तीनच तास दिलेत कशाला, डॉक्टर?”

ते म्हणाले, “आवाज खाली.”

“पहिली बाई कोण आहे निबंधात? नाव सांगा तिचं.”

त्यांनी प्रतीकडे हात नेला. रजवाने त्यावर तळवा ठेवला. “न बघता सांगा.”

सांगणार कुठून? वाचलाच नव्हता त्यांनी! नुसती पानं मोजून मुलीला चोर ठरवलं होतं.

तिने दुसऱ्या हाताने वही त्यांच्यापुढे आपटली. बावीस बायका, त्यांचे पत्ते, कुणाकुणाच्या अंगठ्याचे ठसे. मग मला उघडून निबंध समोर केला. “आता वाचा. मी बसलेय.”

ते वाचू लागले. आधी घड्याळाकडे बघत, मग घड्याळ विसरून. चौथ्या पानावर, वखारीच्या मालकाने बायकांना कोंडून घातलं तिथे, माझी बॅटरी संपली.

“अरे! पुढे काय झालं?”

“पुढचं माझ्या हाताखाली आहे,” रजवा म्हणाली आणि छापील प्रतीवरचा तळवा उचलला.

विसापैकी सतरा मिळाले. ‘चुकलो’ मात्र म्हणाले नाहीत.

आता मी फक्त तार जोडली तरच चालतो, बिजागरी चिकटपट्टीने बांधली आहे. माझं किती राहिलंय ठाऊक नाही. पण घाई लादणाऱ्या समस्त साहेबांनो, पोरांच्या दिवसाला कात्री लावताच आहात, तर निदान तापलेल्या बोटांनी लिहिलेलं ते नीट बसून वाचा. लाल पेन नंतर उचला.