पेटीपाशी दिलेला शब्द

लेडी मॉड ग्रिंडल राजीनामा देणार, याबद्दल आमच्या खात्यात कुणालाच शंका नव्हती. मी त्यांचा सचिव. त्या सकाळचा चहा मी निरोपाचा समजूनच पुढे केला.

प्रश्न इंग्लंडच्या हल बंदरातल्या बायकांचा होता. नवरे मासेमारीच्या बोटीसकट बुडालेले, प्रेतं मिळालेली नाहीत. प्रेत नाही म्हणून मृत्यूचा दाखला नाही, दाखला नाही म्हणून पेन्शन नाही. कायदा म्हणे, सात वर्षं थांबा! बाईंचे वडील असेच गेले होते आणि आईने मासे साफ करून पोरं वाढवली होती. म्हणून नगरपालिकेपासून लॉर्डांच्या सभागृहापर्यंत बाई जिथे गेल्या, तिथे त्यांनी हाच विषय लावून धरला. आता उपमंत्री झाल्या, तर नेमकं त्यांनाच सरकारतर्फे नकार द्यायला उठायचं होतं. नशीब कधीकधी फार चावट असतं.

खात्याचे मुख्य मंत्री पेलम स्वतः आले. ते खालच्या सभागृहातले, आमच्या लॉर्डांच्या सभागृहात त्यांना बोलता येत नाही.

"मॉडबाई, सरकार विचार करेल, एवढंच म्हणा. विचार करायला काय जातंय?"

"विचार माझ्या आईच्या वेळेपासून चाललाय, साहेब."

"मग राजीनामा द्या आणि व्हा मोकळ्या!"

"म्हणजे तुम्हीपण मोकळे, नाही का?"

ते पाय आपटत गेले. मी हळूच विचारलं, "बाईसाहेब, पत्र तयार करू?"

"कसलं डोंबलाचं पत्र? राजीनामा देऊन दोन दिवस टाळ्या मिळतील, लॉरिमर. मागच्या बाकावरून घसा फोडला, तरी ती एका म्हातारीची कटकट. पेटीपाशी उभी आहे, तोवर मी बोलते ते सरकार बोलतं."

आमच्या सभागृहाची रीतच तशी आहे. सभागृहाच्या टेबलावर मंत्र्यांसाठी ठेवलेल्या सरकारी पेटीपाशी उभं राहून मंत्र्याने दिलेला शब्द सरकारला बांधतो. मोडायचा तर सरकारने चारचौघांत मान खाली घालून मोडायचा.

दुपारी विरोधी बाकावरून म्हाताऱ्या लॉर्ड टॅरंटनी पेन्शनच्या विधेयकाला दाखल्याची दुरुस्ती मांडली. बाई उत्तराला उठल्या. अधिकाऱ्यांच्या जागेवरून मी घाईघाईने चिठ्ठी पाठवली: आश्वासन नको. बाईंनी ती वाचली आणि चष्म्याच्या डबीखाली सरकवली.

"सरकारतर्फे मी शब्द देते," त्या म्हणाल्या. "बोट बुडाल्याचं सिद्ध झालं की दाखला लगेच मिळेल. विधेयकाच्या अंतिम वाचनाला सरकार स्वतः तशी दुरुस्ती आणेल."

शेजारच्या मंत्र्याने त्यांच्याकडे डोळे फाडून पाहिलं. टॅरंट मात्र मुरलेला गडी. "मंत्र्यांचा शब्द मिळाला, मी माझी दुरुस्ती मागे घेतो," म्हणून ते खाली बसलेसुद्धा.

संध्याकाळी पेलमांचा आवाज जिन्यापर्यंत येत होता. "घरभेदीपणा आहे हा!"

"असेल. शब्द मागे घ्यायचा तर तुम्ही घ्या. त्या बायकांसमोर उभं राहून घ्या."

बाईंचं मंत्रिपद त्याच दिवशी गेलं. पेलमांनी पुढे खूप वाटा शोधल्या, पण विधवांना दिलेला शब्द फिरवायची छाती कुणाची? अंतिम वाचनाला नव्या उपमंत्र्याने ती दुरुस्ती कडू औषधासारखी वाचली. ग्रिंडलबाईंचं नावसुद्धा घेतलं नाही. मागच्या बाकावरून "मंजूर!" असा सगळ्यांत मोठा आवाज मात्र त्यांचाच होता. मला रागही आला आणि अभिमानही वाटला.

बाहेर एडना स्टॅमर उभी होती. नवऱ्याची बोट गेल्यापासून ती बाईंकडे खेटे घालत होती. ती हसेल, निदान रडेल, असं मला वाटलं होतं.

"मॉडताई," ती म्हणाली, "म्हणजे आता मला सही करून द्यावी लागणार ना, की माझा सिरिल मेला म्हणून?"

बाई तिच्याजवळ गेल्या.

"मी अजून त्याचं ताट मांडते हो जेवताना."

बाईंनी तिचा हात आपल्या हातात घट्ट धरला. "करावी लागेल, एडना. चल, मी येते बरोबर. मला आता दुसरं काम नाही."