वास कसला येतोय?

शिवणकाम करून संसार ओढलेल्या काकूंना सगळी गल्ली शिंपीणकाकू म्हणायची. नवरा बस कंडक्टर होता. झटक्यानं त्याचं अर्धं अंग गेलं, तेव्हापासून त्याचं सगळं अंथरुणातच. काकूंना स्वतःला मधुमेह. साथ आली, दवाखाने तापाच्या रुग्णांनी भरले आणि नेमकी त्याच सुमारास जमिनीवर पडलेली सुई त्यांच्या पायाच्या अंगठ्यात रुतली. पाय बधिर, त्यामुळे कळलंच नाही. कळलं तेव्हा अंगठा काळानिळा पडला होता.

"आई, तू बरी आहेस ना?" लेक फोनवर विचारायची.

"मला काय धाड भरलीये!"

दवाखान्यात ठेवून घेतलं तर यांचं कोण करणार? शिवाय तिथून साथ घरात आणली तर? काकूंनी चिंधी बांधली, वर मोजा चढवला.

एका सकाळी कंडक्टरनं नाक आक्रसलं. "वास... कसला येतोय?"

"तुमच्याच अंथरुणाचा," काकू पटकन बोलून गेल्या. "कितीदा चादरी बदलायच्या माणसानं?"

त्याचा चेहरा उतरला. तो ओशाळून "बरं" म्हणाला. काकूंनी ते पाहिलं, पण शब्द मागे घेतले नाहीत.

त्या दिवसापासून तो पाणी नको म्हणू लागला. जीभ कोरडी पडली, बोलणं आणखी अडखळलं, तशी काकूंनी घरोघर ताप तपासत फिरणाऱ्या नर्सबाईंना हाक मारली.

"आजोबा, पाणी का पीत नाही?"

"अंथरूण... ओलं होतं. वास येतो. हिला त्रास."

नर्सबाईंनी चादर उचलली. "हे तर स्वच्छ आहे." त्यांनी मास्कवरून नाक दाबलं आणि त्यांची नजर सरळ काकूंच्या मोज्यावर गेली. काकूंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. नवऱ्यासमोरच मोजा उतरवावा लागला.

अंगठा काढावा लागला. काकू घरी परतेपर्यंत लेक येऊन बापाचं करत होती. ती स्वयंपाकघरात गेल्यावर काकू पलंगापाशी बसल्या.

"वास माझा होता. मला माहीत होतं."

"मला... नंतर कळलं."

"तुम्ही तहानेनं तळमळत होता आणि मी..."

कंडक्टर म्हणाला, "सांगितलं असतंस... तर मी काय पळून जाणार होतो?"

त्याला हसू आलं. काकूंना हसता येईना. लेक पट्टी बदलायला आली, तरी त्यांची मान वर झाली नाही.