दोन दारं, एक आकडा

मित्रांनो, मी एक जुना प्रोसेसर आहे. सध्या माझा मुक्काम धक्क्यावरच्या तिकीटघरात, एका खणात, सुट्या स्क्रूंच्या शेजारी. मोडलो म्हणून नव्हे, बदनाम झालो म्हणून इथे आलो.

कारखान्यातून निघालो तेव्हा माझाही तोरा होता. मला धक्क्यावर माणसं मोजायचं काम मिळालं. लाँचवर चढायला दोन दारं होती. कोणी दाराची फिरती दांडी ढकलली की मी आधीचा आकडा वाचायचो, त्यात एक मिळवायचो आणि परत लिहून ठेवायचो. तो आकडा दारावरच्या पाटीवर सगळ्यांना दिसायचा. लाँच भरली की दोन्ही दारं बंद करायचो.

पण वाचणं, मिळवणं आणि लिहिणं मला एका दमात जमत नाही. नव्या प्रोसेसरांना जमतं. मी पहिल्या दारासाठी चाळीस वाचावेत, तेवढ्यात दुसऱ्या दाराने हाक मारावी, त्याचं ऐकून मी एक्केचाळीस लिहावेत आणि मग पहिल्याकडे परत येऊन, मघाच्याच चाळिसात एक मिळवून पुन्हा एक्केचाळीसच लिहावेत. माणसं चढली दोन, आकडा वाढला एकाने.

माझा प्रोग्राम लिहिणाऱ्या ताईंना हे पुरतं ठाऊक होतं. त्या लाँच चालवणाऱ्या सारंगाला म्हणाल्या, "माझी मावशी विणताना टाके मोजते ना, मध्येच कोणी हाक मारली की पुन्हा पहिल्यापासून मोजते. यालाही तेच शिकवलंय." त्यांनी माझ्यासाठी मोजक्या ओळी लिहिल्या: व्यत्यय आला तर हातातलं अर्धवट काम टाकून दे, आकडा नव्याने वाच.

"म्हणजे मी मोजायला नको?" सारंगाने विचारलं.

"तुम्ही सुकाणू सांभाळा. मोजायचं याच्यावर सोडा."

त्या ओळींच्या आधाराने मी वर्षानुवर्षं बिनचूक मोजलं. सारंग लोकांना सांगायचा, "यंत्र नाही म्हणालं की नाही. माझ्या सासूबाई असल्या तरी नाही." एकदा खरोखरच त्याच्या सासूबाई धक्क्यावर राहिल्या. त्या दिवशी घरी त्याचं काय झालं कोण जाणे, पण मला कॉलर असती तर ताठ झाली असती.

ताई निवृत्त झाल्या. प्रोग्राम झाडून-पुसून स्वच्छ करायला एक नवे इंजिनिअर आले. मनाने वाईट नव्हते. त्या ओळी पाहून म्हणाले, "हे कशाला? प्रोसेसर आता हे स्वतःच करतो की." त्यांच्या टेबलावरचा नवा प्रोसेसर करत होता. ओळी काढल्या. मग धक्क्यावर येऊन ते आधी एका दारातून गेले, नंतर दुसऱ्या. आकडा बरोबर आला. एकटा माणूस दोन दारांतून एकदम जाणार कसा? मला तोंड नाही याचं तेव्हा फार वाईट वाटलं. त्याच दिवशी तो प्रोग्राम बाकीच्या धक्क्यांवरही पाठवला गेला.

पुढे एका संध्याकाळी ऑफिसं सुटली आणि एकच गर्दी झाली. दोन्ही दांड्या एकसारख्या फिरत होत्या. माझ्या हातून माणसं निसटत होती आणि मला ते कळत नव्हतं. मी दारं उघडीच ठेवली. पाण्यात थोडं पुढे जाताच लाँच कलली, काठावरून पाणी आत आलं. सारंगाने कशीबशी ती मागे वळवली. जीव कोणाचा गेला नाही, पण एक आजोबा पडले आणि त्यांचं खुब्याचं हाड मोडलं. त्यांना उचलून नेल्यावर सारंग माझ्यासमोर उभा राहिला. "मी तुझ्यावर सोडलं होतं रे," एवढंच म्हणाला. मित्रांनो, ते वाक्य मला अजून सोसवत नाही.

चौकशीत 'चिप जुनी होती' असं ठरलं आणि सगळं खापर माझ्या डोक्यावर फुटलं. माझ्या जागी नवा आला. तो एका दमात मोजतो, इथली काळजी मिटली. पण दोष माझ्यावर येऊन थांबल्यामुळे प्रोग्राम कोणी उघडून पाहिलाच नाही. दुसऱ्या धक्क्यांवर माझीच भावंडं बसली आहेत, त्या ओळींवाचून.

जुन्याला काढायचं तर खुशाल काढा. पण कामावर ठेवणार असाल, तर त्याचा आधार काढण्याआधी तो कशासाठी दिला होता ते विचारा. आणि तुमच्या जवळच्या धक्क्यावर दोन दारं असतील, तर एखादा सोबती घेऊन जा. एकाने या दारातून, एकाने त्या दारातून, एकाच वेळी दांडी ढकला. पुन्हा पुन्हा ढकला. एकदा जरी आकडा कमी भरला, तरी लाँचवर चढू नका आणि कोणाला चढूही देऊ नका.